रेसट्रॅकवरच्या जुन्या एस्टीमचे इंजिन: खोलणे, मोजणे आणि पुन्हा बांधणे

मारुती एस्टीमचे उत्पादन २००७ साली थांबले, तरी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेच्या ट्रॅकवर शर्यती धावलेल्या एस्टीम गाड्या अजूनही ठिकठिकाणच्या गॅरेजांत जपून ठेवलेल्या दिसतात. त्यांच्यातले जी१३बीबी हे १२९८ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे, एका कॅमशाफ्टचे इंजिन हा या लेखाचा विषय आहे. त्याचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, सिलिंडरच्या आत बिडाचे लायनर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ७५.५ मिलिमीटर. रस्त्यावर हे इंजिन लाख-दीड लाख किलोमीटर विनातक्रार चालते. ट्रॅकवर मात्र तेच इंजिन दोन हंगामांत संपू शकते, आणि त्याची कारणे रस्त्यावरच्या झिजेपेक्षा वेगळी असतात. म्हणूनच रस्त्यावरच्या गाडीचे इंजिन बांधण्याची सवय असलेल्या चांगल्या मिस्त्रीकडूनही ट्रॅकच्या इंजिनात चुका होतात.

मी कोल्हापुरात हे काम करतो. शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगची दुकाने हाकेच्या अंतरावर असल्याने यंत्रकामाची अडचण इथे सहसा पडत नाही. अडचण पडते ती मोजमापाची. इंजिन खोलून सगळे भाग धुतले, नवा किट आणला आणि बसवला, एवढ्यालाच 'इंजिन बांधले' म्हणण्याची पद्धत पडली आहे. माझा आग्रह असा आहे की वही आणि मायक्रोमीटर हाताशी घेतल्याशिवाय इंजिनाला पाना लावू नये, आणि मापे लिहून झाल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नये.

खोलण्याआधी इंजिनाला विचारा

इंजिन अजून गाडीत आणि चालू स्थितीत असतानाच निम्मे निदान होते. ते गरम करावे, चारही प्लग काढावेत, इंधनाचा आणि ठिणगीचा पुरवठा तोडावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. या इंजिनाला चौरस सेंटिमीटरला साधारण १४ किलो एवढे कॉम्प्रेशन अपेक्षित आहे, पण मी स्वतः आकड्यापेक्षा फरकाकडे अधिक पाहतो. चार सिलिंडरांत एक किलोहून जास्त फरक असेल तर कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, आणि तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा समजावा.

त्यानंतर लीकडाउन टेस्टर लावावा. सिलिंडर टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सर्वांत वरच्या टोकाला आणि व्हॉल्व्ह बंद असताना, ठेवून त्यात दाबाखालची हवा सोडली की गळती कुठून होते ते कानालाच कळते. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा चिरलेले हेड.

ऑइलचा दाब गाडीतल्या दिव्यावरून ठरवू नये, खरा यांत्रिक गेज जोडून पाहावा. गरम इंजिनात ३००० आरपीएमला तो तीन किलोच्या खाली येत असेल, तर इंजिन वरून कितीही गोड वाजत असले तरी ते खोलण्याची वेळ झाली आहे. शेवटी जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडावा आणि उन्हात धरून पाहावा. राखाडी भुकटी थोडीफार सापडतेच. चकाकणारे, नखाने उचलता येतील असे तुकडे दिसले तर ते बेअरिंगचे असतात, आणि मग त्या इंजिनाला आणखी एकही फेरी देऊ नये.

उतरवणे आणि सुटे करणे

इंजिन बाहेर काढण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बॅटरी सोडावी, कूलंट आणि ऑइल काढावे, वायरिंगच्या प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टीवर क्रमांक लिहून लावावा, मोबाईलवर फोटो काढत जावे आणि चेन कप्पीने इंजिन गिअरबॉक्ससकट वर उचलावे. बोल्ट एकाच डब्यात कधीही टाकू नयेत. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये पाच मिलिमीटर जास्त लांबीचा बोल्ट चुकीच्या जागी गेला तर तो तळाला टेकून आटे फाडतो. मी पुठ्ठ्यावर त्या त्या कव्हरची आकृती काढतो आणि बोल्ट ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवतो.

हेड पूर्ण थंड असतानाच सोडावे. हेडचे बोल्ट बाहेरून आत अशा क्रमाने, प्रत्येकाला थोडे थोडे सैल करत, दोन-तीन फेऱ्यांत काढावेत. एक बोल्ट एकदम मोकळा केला तर अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते. कॅमशाफ्टच्या कॅपवर क्रमांक आणि बाण असतात, त्यांची नोंद करावी. व्हॉल्व्ह, स्प्रिंग, रॉकर हे सगळे सिलिंडरवार वेगळे ठेवावे, कारण एकमेकांवर घासून जुळलेले भाग अदलाबदल झाले की नव्याने झिजू लागतात.

खालच्या बाजूचे ऑइल चेंबर काढल्यावर कनेक्टिंग रॉडच्या कॅप पाहाव्यात. रॉड आणि त्याची कॅप ही एकत्र बोअर केलेली जोडी असते, त्यामुळे दोन्हींवर एकाच बाजूला सिलिंडरचा क्रमांक घालूनच कॅप सोडावी. पिस्टन वर ढकलण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. बोअरच्या वरच्या टोकाला झिजेमुळे कडा तयार झाली असेल तर ती साफ करावी, नाहीतर पिस्टनच्या रिंगांच्या खाचांमधली कड तिच्यावर आदळून तुटते. आणि रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवावेत, म्हणजे बाहेर येताना ते क्रँकच्या पिनवर, म्हणजे रॉड बसतो त्या गोल भागावर, ओरखडा काढणार नाहीत.

बेअरिंग वाचणे

या सगळ्या कामात माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो इथे, आणि तो जायलाच हवा. बेअरिंगचे अर्धे तुकडे पुसून, पांढऱ्या कागदावर ज्याच्या त्याच्या क्रमाने मांडावेत: वरच्या ओळीत रॉडकडचे, खालच्या ओळीत कॅपकडचे. आता खिडकीच्या उजेडात एकेक तुकडा हातात घेऊन हळूहळू फिरवावा.

चांगले बेअरिंग मंद राखाडी दिसते आणि त्यावर उजेड पसरट पडतो. मधल्या पट्ट्यात तो आरशासारखा चमकू लागला तर वरचा मऊ थर दबला आहे. तिहेरी थराच्या बेअरिंगांत त्याखाली तांबूस रंग उघडा पडला तर तो थर संपला आहे. रॉडकडचा तुकडा ज्वलनाचा दणका झेलतो, म्हणून फक्त तोच ठेचल्यासारखा दिसत असेल तर डिटोनेशनचा (इंधन एकदम स्फोटासारखे पेटण्याचा) संशय घ्यावा आणि पिस्टनच्या माथ्याची कड तपासावी. तिथे उंदराने कुरतडल्यासारखे बारीक खड्डे असले की संशय पक्का झाला. कॅपकडचा तुकडा पिस्टनला वरच्या टोकाहून मागे खेचण्याचा भार झेलतो, म्हणून तो जास्त झिजला असेल तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरवले गेले आहे. हा भार आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६५०० ऐवजी ७००० आरपीएमपर्यंत नेले तर वेग जेमतेम आठ टक्के वाढतो, पण रॉडच्या बोल्टांवरचा ताण सोळा टक्के वाढतो.

दोन्ही तुकडे पुसल्यासारखे चकचकीत आणि पाठीमागून काळे पडले असतील तर ऑइल पोहोचलेले नाही. गोलाकार ओरखडे आणि रुतलेले कण म्हणजे कचरा. एकाच कडेला झीज म्हणजे रॉड वाकडा किंवा पिन निमुळती. हे सगळे वहीत लिहावे, कारण पुढे काय दुरुस्त करायचे ते या कागदावरच ठरते. नुसती नवी बेअरिंगे घातली आणि कारण तसेच राहिले तर नवी बेअरिंगेही त्याच वाटेने जातात.

धुणे

बिडाच्या ब्लॉकसाठी वापरतात तो कॉस्टिक सोड्याचा हौद या इंजिनाला चालत नाही, कारण कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खाते. यंत्रकामाच्या दुकानात ब्लॉक देताना हे तोंडी सांगून न थांबता त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. रॉकेल किंवा डिझेल, ब्रश, आणि शेवटी गरम पाण्यात कपडे धुण्याची पावडर एवढ्यावर काम उत्तम होते.

ऑइलच्या मुख्य वाहिनीच्या टोकाचे प्लग काढल्याशिवाय ब्लॉक धुतला असे समजू नये. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एक इंजिन बाहेरून आरशासारखे स्वच्छ केले, वाहिनीत हवा मारली, पण प्लग घट्ट होता म्हणून तो तसाच ठेवला. बोरिंगची बारीक किसणी त्या प्लगमागच्या कोपऱ्यात साचून राहिली होती. इंजिन सुरू झाले, तासाभरात ऑइलचा दाब उतरू लागला, आणि चेंबर उघडले तेव्हा नवी कोरी बेअरिंगे खरवडलेली होती. क्रँक पुन्हा ग्राइंड करावा लागला. तेव्हापासून तो प्लग गरम करून, गरज पडली तर ड्रिल करून, पण काढतोच. वाहिनीत लांब दांड्याचा ब्रश दोन्हीकडून फिरवावा आणि क्रँकच्या तिरप्या छिद्रांतही तोच फिरवावा.

हेडच्या बोल्टांची ब्लॉकमधली छिद्रेही कोरडी करावीत. त्यांत ऑइल किंवा पाणी राहिले तर बोल्ट आवळताना ते दाबले जाऊन ब्लॉकला चीर पडते, आणि तोपर्यंत टॉर्क पाना मात्र आकडा बरोबर दाखवत राहतो.

मोजणे

ब्लॉक, क्रँक आणि मोजमापाची साधने एक रात्र एकाच खोलीत ठेवावीत, म्हणजे सगळ्यांचे तापमान सारखे होते. दुपारी उन्हात तापलेला ब्लॉक आणि कपाटातला थंड मायक्रोमीटर यांच्या जोडीने घेतलेले माप दोन शतांश मिलिमीटरने सहज चुकते, आणि आपल्याला जो फरक शोधायचा असतो तो तेवढाच असतो.

बोअर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजावा, म्हणजे एका सिलिंडरची सहा मापे होतात. वरखाली किंवा आडव्या-उभ्या दिशेत ०.१० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर बोरिंग अटळ आहे. मी ट्रॅकच्या इंजिनासाठी त्याच्या निम्म्यावरच थांबतो. पिस्टन आणि बोअर यांत कंपनीने ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर एवढी फट सांगितली आहे, आणि पिस्टनचे माप मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवर, पिनेला काटकोनात घ्यायचे असते.

०.२५ आणि ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन या इंजिनासाठी निघाले. पण बोरिंगचा निर्णय घेण्याआधी शर्यतीच्या वर्गाचे नियम वाचावेत. पहिल्याच ओव्हरसाइझला इंजिन सुमारे १३०७ सीसीचे होते आणि दुसऱ्याला १३१६ सीसीचे. वर्गाची मर्यादा १३०० सीसीची असेल तर स्क्रूटिनिअरिंगमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाडी-तपासणीत, अडकण्याची पाळी येते. असा प्रश्न असेल तर मूळ मापाचे लायनर बसवून घेणे हाच मार्ग उरतो. बोरिंग करायचेच असेल तर पिस्टन आधी हातात असावेत, त्यांचे माप घ्यावे आणि प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनाप्रमाणे काढून घ्यावा. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक बोल्टांच्या ताणाने आकार बदलतो, म्हणून शक्य असेल तिथे जाड लोखंडी टॉर्क प्लेट हेडच्या जागी आवळून मगच होनिंग (दगडाने बोअर बारीक घासून अंतिम मापाला आणणे) करावे.

क्रँकच्या मुख्य जर्नलचे (ब्लॉकमधल्या बेअरिंगांत फिरणाऱ्या भागाचे) माप ४५ मिलिमीटर आणि पिनचे ४२ मिलिमीटर असते, आणि गोलाईतला फरक ०.०१ मिलिमीटरपर्यंतच चालतो. क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलला डायल लावून फिरवावा. ग्राइंडिंग केल्यास पिनच्या कडेची गोलाई तशीच राहिली पाहिजे हे ग्राइंडरला बजावून सांगावे. तिथे काटकोनी कोपरा राहिला की ट्रॅकवर चीर तिथूनच सुरू होते. भेगा शोधण्याची चुंबकीय चाचणी शर्यतीच्या क्रँकला आणि रॉडला करून घ्यावीच.

ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ०.०६ आणि हेडचा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकडा नसावा. सरळ पट्टी लांबीला, रुंदीला आणि दोन्ही तिरप्या दिशांना ठेवून फिलर गेजने पाहावे.

हेड

ट्रॅकवर इंजिन गरम झाल्याचा इतिहास असेल तर हेडचा फेस मारण्याआधी (पृष्ठभाग घासून सपाट करण्याआधी) त्याची दाबाखाली चाचणी करावी, कारण चिरलेल्या हेडवर फेस मारण्याचा खर्च पाण्यातच जातो. फेस मारल्यावर कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) वाढतो, आणि तो किती वाढला हे अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक ज्वलनकक्षावर ग्रीस लावून काच ठेवावी आणि ब्युरेटमधून रंगीत स्पिरिट सोडून आकारमान मोजावे. या इंजिनाच्या एका सिलिंडरचे आकारमान ३२४.७ सीसी आहे. ९.५ रेशोसाठी पिस्टनच्या वर एकूण ३८.२ सीसी जागा लागते आणि १० रेशोसाठी ३६.१. म्हणजे फक्त दोन सीसी कमी झाले की इंजिनाचा स्वभाव बदलतो, आणि पंपावरचे साधे पेट्रोल त्याला पुरेनासे होऊ शकते. या आकड्यात हेडमधला कक्ष, गॅस्केटची जाडी आणि पिस्टनच्या माथ्यावरचा खोलगटपणा असे सगळे धरावे लागते.

व्हॉल्व्ह गाइड ढिले असतील तर सीट कापण्याआधी बदलावेत, उलट क्रम केला तर सीट पुन्हा कापावी लागते. ग्राइंडिंग पेस्टने व्हॉल्व्ह घासून सीटवर सलग, मंद राखाडी वर्तुळ उमटले पाहिजे. सोळाही व्हॉल्व्ह बसवून झाल्यावर पोर्टमध्ये पेट्रोल ओतून दहा मिनिटे ठेवावे. एकही थेंब झिरपता कामा नये.

खालचा भाग बांधणे

जमिनीला पाणी मारून धूळ बसवावी, पंखा बंद ठेवावा आणि टेबलावर स्वच्छ कागद अंथरावा. होनिंग झालेला बोअर गरम पाण्याने आणि पावडरने धुऊन पांढऱ्या मलमलीने पुसावा. कापड राखाडी होत असेल तर पुन्हा धुवावा, पुन्हा पुसावा. चौथ्या-पाचव्या वेळी कापड पांढरेच राहते. त्याच मिनिटाला बोअरला ऑइल लावावे, कारण धुतलेले बीड पावसाळ्यात बघता बघता तांबडे पडते.

मुख्य बेअरिंगांची निवड सुझुकीने रंगांवर ठेवली आहे. क्रँकच्या वेबवर, म्हणजे जर्नल आणि पिन यांना जोडणाऱ्या जाड भागांवर, १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात आणि ब्लॉकच्या खालच्या पृष्ठभागावर अक्षरे. दोन्ही जुळवून हिरवे, काळे, बिनरंगी, पिवळे किंवा निळे बेअरिंग घ्यायचे. पाचही जर्नलांना एकच रंग येईल असे नाही. दुकानदाराने 'स्टँडर्ड सेट' म्हणून दिलेली पुडी तशीच बसवणे ही इथली नेहमीची चूक आहे. खाच असलेला तुकडा ब्लॉकमध्ये आणि सपाट तुकडा कॅपमध्ये जातो. बेअरिंगची पाठ आणि त्याची जागा कोरडी असावी, ऑइल फक्त आतल्या बाजूला. क्रँकची मागेपुढे हालचाल रोखणारे थ्रस्टचे अर्धगोल दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये बसतात आणि त्यांच्या खाचा क्रँकच्या वेबकडे तोंड करून असतात.

ऑइल लावण्याआधी प्लॅस्टिगेजने फट तपासावी. मेणाची ती बारीक काडी जर्नलवर आडवी ठेवायची, कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळायची, क्रँक अजिबात न फिरवता पुन्हा सोडायची आणि चपटी झालेली काडी पाकिटावरच्या पट्टीशी ताडून पाहायची. मुख्य बेअरिंगांत ०.०२० ते ०.०४० आणि रॉडच्या बेअरिंगांत ०.०३० ते ०.०५० मिलिमीटर ही मूळ श्रेणी आहे. ट्रॅकसाठी मी श्रेणीच्या वरच्या निम्म्यात राहतो, पण तिच्याबाहेर जात नाही. काडी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसली तर जर्नल निमुळता आहे, आणि क्रँक परत पाठवावा.

मुख्य कॅपवरचे बाण पुलीकडे, क्रमांक ज्याच्या त्याच्या जागी. मधल्या कॅपपासून सुरुवात करून बाहेर जात तीन टप्प्यांत ५४ न्यूटन मीटरपर्यंत आवळावे. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहावा. एखाद्या कॅपनंतर तो जड झाला तर दोष त्याच कॅपखाली आहे हे लगेच कळते. सगळे आवळून झाल्यावर जड लागला तर शोध घ्यायला पाचही पुन्हा उघडाव्या लागतात. क्रँकची मागेपुढे हालचाल डायलवर ०.११ ते ०.३१ मिलिमीटर भरली पाहिजे.

रिंगा बोअरमध्ये सरळ बसवून त्यांच्या टोकांतली फट मोजावी. कंपनीची श्रेणी ०.२० पासून ०.३५ मिलिमीटरच्या आसपासपर्यंत आहे. सलग वीस-पंचवीस मिनिटे पूर्ण भाराखाली चालणाऱ्या इंजिनात रिंग जास्त तापते, म्हणून मी ०.३० च्या खाली जात नाही. टोके एकमेकांना भिडली तर रिंग बोअर खरवडते. रिंगेवरचे अक्षर वर, आणि तिन्ही रिंगांच्या फटी एकमेकींपासून लांब. पिस्टनवरचा बाण पुलीच्या दिशेला आणि रॉडचे ऑइलचे छिद्र इनटेकच्या बाजूला आले पाहिजे. रॉडचे बोल्ट आणि नट प्रत्येक वेळी नवे घ्यावेत, ३५ न्यूटन मीटरला आवळावेत. या इंजिनातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग पडणारी वस्तू हीच आहे.

ऑइल पंप आणि चेंबर

ट्रॅकवर लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका भिंतीवर चढते, पिकअपचे (पंपाच्या ऑइल ओढणाऱ्या नळीचे) तोंड उघडे पडते आणि पंप दोन-तीन सेकंद हवा ओढतो. तेवढ्या वेळात रॉडची बेअरिंगे कोरडी पडतात. इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या एका फेरीत हे किती वेळा घडते ते डेटा लॉगरवर ऑइलच्या दाबाची रेषा पाहिली की दिसते, आणि बेअरिंग वाचताना काळे पडलेले तुकडे आढळले असतील तर उपाय याच चेंबरमध्ये करायचा आहे.

पिकअपभोवती पत्र्याची चौकट वेल्ड करून घ्यावी, तिच्या भिंतींना आत उघडणाऱ्या झडपा ठेवाव्यात, म्हणजे ऑइल आत येते पण बाहेर पळत नाही. वर सपाट पत्रा बसवला तर ते क्रँकवर उसळत नाही. पिकअपची जाळी आणि चेंबरचा तळ यांतले अंतर मातीचा गोळा दाबून मोजावे. मी आठ ते दहा मिलिमीटर ठेवतो. पिकअपच्या ओ-रिंगेतून हवा शिरली तर ही सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ती नवीच घालावी. पंपाच्या दातांत पेट्रोलियम जेली भरावी, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत पंप कोरडा न फिरता लगेच ऑइल उचलतो. ग्रीस वापरू नये, कारण ते विरघळत नाही.

हेड, बेल्ट आणि पहिला आवाज

नवे गॅस्केट कोरडे बसवावे, त्याची खूण पाहून वरची बाजू वरच ठेवावी. बोल्टांच्या आट्यांना हलके ऑइल लावावे आणि मधून बाहेर या क्रमाने ३५, मग ५५, मग ६८ न्यूटन मीटर अशा तीन टप्प्यांत आवळावे. हे आकडे जी१३बीबीचे आहेत; ब्लॉकवरचा इंजिन क्रमांक वेगळा निघाला तर त्याचेच मॅन्युअल उघडावे.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकदमच नवे घ्यावेत, कारण तिघांपर्यंत पोहोचण्याची मेहनत एकच असते. खुणा जुळवून बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोनदा फिरवावा आणि खुणा पुन्हा पाहाव्यात. फिरवताना कुठे अडले तर जोर लावू नये, थांबून कारण शोधावे. मग इंजिन थंड असतानाच १-३-४-२ या फायरिंग क्रमाने टॅपेट लावावेत, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवावी.

गाडीत बसवल्यावर प्लग न लावता, इंधन बंद ठेवून, ऑइलचा दाब गेजवर दिसेपर्यंत स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवावा. दाब आल्याशिवाय प्लग हातात घेऊ नयेत. पहिल्या भरणीला साधे खनिज २०डब्ल्यू-५० ऑइल घालावे. सिंथेटिकवर रिंगा बसायला वेळ लागतो असे मला वाटते. इंजिन सुरू झाल्यावर ते तासभर आयडलवर ठेवण्याची पद्धत मला घातक वाटते. रिंगा बोअरवर दाबल्या जातात त्या ज्वलनाच्या दाबाने, आणि आयडलला तो दाब नसतो. पाणी गरम होईपर्यंत १५०० ते २००० आरपीएमवर ठेवावे, गळती पाहावी आणि लगेच गाडी रस्त्यावर न्यावी. तिसऱ्या गिअरमध्ये २५०० ते ४५०० पर्यंत चांगला दाब देऊन चढवावे आणि पाय सोडून तिला उतरू द्यावे, असे वीस-पंचवीस वेळा. पन्नासेक किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदलावा, पाचशेनंतर पुन्हा, आणि त्यानंतरच सिंथेटिक भरून ट्रॅकवर जावे.

दोन्ही वेळचे फिल्टर फेकू नयेत. कापून, कागद उलगडून उन्हात धरावेत. पहिल्यात होनिंगची राखाडी भुकटी आणि गॅस्केटचा एखादा धागा निघेल, दुसऱ्यात जवळजवळ काही नसावे. कोल्हापूरहून चेन्नईपर्यंत हजारेक किलोमीटर ट्रेलर ओढण्याआधी मी तो दुसरा कागद वहीत तारीख घालून चिकटवतो, आणि त्याच्या शेजारी चारही सिलिंडरांचे नवे कॉम्प्रेशन आणि गरम इंजिनातला ऑइलचा दाब लिहितो. पुढच्या खेपेला इंजिन उघडायचे की नाही हे त्याच पानाशी ताडून ठरवता येते.